चंदेरी टाचांचा माग

"चैतू, हात काढ! काढ म्हणते ना!"

सोमारी ओरडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पसरलेला हिरवागार जंगलाचा नकाशा एका क्षणात गडप झाला. टेबलाखालच्या डब्यातला पंखा घुर्रर्र करत थांबला. वाचनालयात सामसूम!

"मी काईच नाई केलं!" चैतू रडकुंडीला आला. "नुसतं बोट ठेवलं होतं, ताई!"

"नुसतं बोट ठेवलं म्हणे!"

दारातून आवाज आला आणि चारही पोरं ताठ उभी राहिली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्यावर पदर आणि जिभेला धार! लोकेशची आजी, मनकर्णाबाई. मोहटोल्याच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असायची, त्यामुळे वाचनालयही आपलंच आहे असं त्या समजायच्या. गावानं बांबू विकून ते बांधलं होतं, या गोष्टीची त्यांना कुणी आठवण करून दिली तर त्याचं काही खरं नव्हतं.

"नवा मेंदू बसवून आठ दिवस नाई झाले, अन् या पोट्ट्यानं वाट लावली!" त्या चैतूकडे बोट रोखून म्हणाल्या. "परवा बंद पडला तवाही हाच बसला होता खुर्चीवर. हात हाय का कुऱ्हाड हाय, गा?"

चैतूनं दोन्ही हात पटकन बगलेत दडवले.

मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याचं असं झालं होतं, की सोमारी, तिचा धाकटा भाऊ चैतू, त्यांचा दोस्त लोकेश आणि सुट्टीत बल्लारपूरहून आलेली लोकेशची आतेबहीण मोनाली यांनी मिळून गावच्या जंगलाचा नकाशा बनवायला घेतला होता. कुठला नाला कुठून येतो, मधाची झाडं कुठं, अस्वलाची गुहा कुठं! सोमारीचे आजोबा बुधू एकेका जागेचं गोंडी नाव सांगायचे आणि पोरं ते नकाशात भरायची. भरता भरता नकाशा एवढा फुगला, की जुना कॉम्प्युटर गाभण म्हशीसारखा चालायला लागला. मग ग्रामसभेनं आलापल्लीच्या धनराजभाऊंना बोलावलं. धनराजभाऊ मोबाइल दुरुस्त करायचे, कॉम्प्युटरही खोलायचे आणि बोलायचे त्याहून जास्त. त्यांनी जुना प्रोसेसर काढला, दुप्पट जोराचा नवा घातला आणि "आता विमान होते पाहा!" असं सांगून निघून गेले.

विमान उडायचं खरं. पण थोडं उडालं, की धाडकन खाली!

आजीच्या मागोमाग गुणवंतराव आले. ते लोकेशचे आबाजी आणि ग्रामसभेचे अध्यक्ष. माणूस भला, पण बायकोपुढे जरा हळू बोलणारा.

"मी आताच पाण्याच्या टाकीवर चढून धनराजले फोन केला होता," ते म्हणाले. "तो म्हणते, पोरांनी एखादा गेम टाकला असन, त्यानं बंद पडून राह्यलं."

"आबाजी, आम्ही गेम नाई टाकला!" लोकेश म्हणाला.

"हे पाहा बापा, रविवारी ग्रामसभा हाय. शेजारच्या गावचे लोक येतीन नकाशा पाहाले. तवा जर हा डबा बंद पडला, त मले काई बोलाले जागा राहनार नाई. मंग कॉम्प्युटर कपाटात, कपाटाले कुलूप, अन् लेकरांनी इथी पाय ठेवाचा नाई."

"अन् या चैत्यानं त अंगणातही नाई," आजीनं पुस्ती जोडली आणि दोघं निघून गेली.

चैतूच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. पुसायला हातसुद्धा बाहेर काढेना! सोमारीनं आपल्या ओढणीनं त्याचे डोळे पुसले.

"मी शोधून काढते, कोनाची चूक हाय ते," ती दात ओठ खात म्हणाली. "माह्या भावाचे हात कुऱ्हाड नाईत!"

"पहले ये देखो," मोनाली एकदम म्हणाली. ती खाली वाकली होती. "जमिनीवर हे चमचम काय हाय?"

शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक राखाडी, चंदेरी ठसा होता. अर्ध्या चंद्रासारखा. थोडं पुढे दुसरा. खिडकीपाशी तर ते एकावर एक उमटले होते.

"टाच हाय," सोमारी म्हणाली. "पण बोटं नाई, पंजा नाई. नुसती टाच!"

"नुसत्या टाचेवर कोण चालते?" मोनालीनं विचारलं आणि स्वतःच घाबरून लोकेशच्या मागे गेली.

"भूत!" चैतू रडता रडता म्हणाला.

"भुताले चांदीचे पाय परवडत नाईत," लोकेश म्हणाला. "आधी कॉम्प्युटर पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता. मे महिन्यात मोहटोल्यात सकाळी कुणी भेटत नाही. म्हातारे, लेकरं आणि कोंबड्या, एवढंच काय ते गाव. वाचनालय उघडून देऊन आजीसुद्धा पानं आणायला गेल्या होत्या. कष्टाला कुणाच्या मागे राहायच्या नाहीत त्या, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

"आज कोनीच हात लावाचा नाई," सोमारीनं बजावलं. "नुसता चालू कराचा अन् दूर बसाचं."

सोमारीनं घरून पानांचा भारा आणला होता. हाताला काम नसलं की तिला सुचत नसे. ती पानं जुळवून पुडे बांधायला बसली. लोकेशनं बटण दाबलं. नकाशा उघडला. चौघं भिंतीला टेकून बसली. चैतूचे हात बगलेतच.

सोमारीचे चार-पाच पुडे बांधून झाले आणि फट्! पडदा काळा.

"पाहा! पाहा!" चैतू नाचायला लागला. "मी इथी बसून हावो! मी नाई केलं!"

"लाइट गेली असन?" मोनालीनं विचारलं.

"पंखा त फिरून राह्यला," लोकेशनं वर बोट दाखवलं. "एकाच वायरीवर हाय दोन्ही. लाइटीचा दोष नाई."

त्यानं लगेच पुन्हा बटण दाबलं. या वेळी सोमारीचा पहिला पुडासुद्धा बांधून झाला नाही, तोच फट्! तिसऱ्यांदा चालू केला तर नकाशाही आला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली.

"थांबा थांबा! मी वाचते!" बल्लारपूरच्या शाळेत इंग्रजीत पहिली येणारी मोनाली पडद्याला नाक लावून उभी राहिली. "प्रोसेसर... टेंपरेचर... अरे बाप्पा! प्रोसेसर खूप तापला, असं लिवलं हाय!"

"अन् हे कोनीच वाचलं नाई?" सोमारीनं विचारलं.

"धनराजभाऊनं इथी बसून पाह्यलंच कुठी? आबाजी चश्मा शोधेपर्यंत ओळ गेली असन. अन् आजी..." लोकेश थांबला. आजीला वाचता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी काही वाचायला दिलं की आजी म्हणायच्या, माहा चश्मा घरी राह्यला. त्यांना चष्माच नव्हता!

"आपल्या विहिरीची मोटर नाई का," सोमारी विचार करत म्हणाली, "तापली की आपोआप बंद पडते, जळू नये म्हणून. गार झाली की परत चालते. हेही तसंच हाय. म्हणून पहले जास्त चालला, मंग कमी, मंग त बिलकुलच नाई!"

लोकेशनं आधी वायर भिंतीतून काढून टाकली. मग डब्याची बाजू उघडली. आत छोटा पंखा होता आणि त्याच्याखाली पत्र्यांच्या पट्ट्यांचा एक चौकोनी ठोकळा. त्यानं भीत भीत ठोकळ्याला बोट लावलं.

"गार हाय!"

"काय बोलते! मेंदू तापला म्हणते अन् वरचा ठोकळा गार?"

चौघांनी बोटं लावून पाहिली. म्हणजे तिघांनी. चैतूनं हनुवटी लावून पाहिली.

"चुलीत जाळ हाय, पण तवा गार," सोमारी हळूच म्हणाली. "याचा अर्थ काय?"

"तवा चुलीवर नीट टेकला नाई!" मोनाली ओरडली.

"किंवा मधात काई राहून गेलं!"

कोपऱ्यात नव्या प्रोसेसरचं खोकं पडलं होतं. लोकेशनं ते उचकटलं. खोक्यावर दोन चित्रं होती. एक चौकोनी प्रोसेसर आणि शेजारी एक बिनसुईची पिचकारी, आत राखाडी लेप असलेली. खोक्यात त्या पिचकारीच्या आकाराची जागाही होती. रिकामी!

राखाडी. चंदेरी. चौघांनी एकदम जमिनीकडे पाहिलं.

मोहटोल्यात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. लोकेश घरचा मोबाइल घेऊन माकडासारखा शिडी चढला. बाकीची तिघं खाली माना वर करून उभी राहिली. त्यानं आवाज मोठा ठेवला, म्हणून खालीही सगळं ऐकू येत होतं. पलीकडे बँड वाजत होता. धनराजभाऊ सिरोंच्याला लग्नात होते.

"भाऊ, त्या पिचकारीतला लेप तुम्ही लावला होता का?"

बँड वाजत राहिला.

"हॅलो? भाऊ?"

"अरे, ते... जुना लेप सुकला होता, तो मी घासून काढला. भांडं घासल्यासारखा! पिचकारी खिडकीत ठेवली अन् चहा प्यायले गेलो. आलो त पिचकारीच नाई! मले आलापल्लीची गाडी पकडाची होती ना बापा. म्हटलं, एवढंसं नाई लावलं त काय होते?"

"मंग तुम्ही आबाजीले गेम टाकला काऊन सांगतलं?"

"हॅलो... हॅलो... आवाज नाई येऊन राह्यला..." आणि फोन बंद!

"आवाज नाई येऊन राह्यला म्हणे!" मोनाली संतापली. "आम्हाले त बँडसकट आला!"

"खिडकीत ठेवली होती," सोमारी पुटपुटली. "खिडकीत! अरे, खिडकीतच काऊन ठेवली?"

कारण मोहटोल्यात वाचनालयाची ती खिडकी म्हणजे साधी खिडकी नव्हती. तेंदूच्या दिवसांत सकाळी कुणीच घरी सापडत नाही, म्हणून दवाखान्याची आशाताई ज्याचं त्याचं औषध त्या खिडकीत ठेवून जायची. ज्याचं त्यानं संध्याकाळी उचलायचं. गावात ही गोष्ट कोंबडीलाही ठाऊक होती. पण आलापल्लीच्या धनराजभाऊंना कोण सांगणार?

"मंग कोनीतरी औषध समजून नेली!" लोकेश शिडीवरून उडी मारत म्हणाला. "पायाले लावाचं औषध."

"चला, माग काढू," सोमारी म्हणाली. आता ती बुधूआजोबांची नात दिसायला लागली. रानडुकराचा माग काढताना आजोबा जसे वाकतात, तशी ती वाकली आणि तिरप्या उजेडात जमीन पाहत चालू लागली. "हे पाहा, पायरीवर एक. इथी गवतात पुसला. हा पाहा, दगडावर! उजवी टाच जड पडते. माणूस मोठा हाय, चाल ठसक्यात हाय. वाटेत कोनाले बाजू देत नाई, सरळ मधातून चालते."

माग विहिरीवरून गेला. विहिरीच्या काठावर चंदेरी. तिथून गोठ्याकडे. एका शेळीच्या पोटावरही टाचेनं ढोसल्याचा चंदेरी पट्टा होता. मोनालीला इतकं हसू आलं, की तिला खालीच बसावं लागलं. मग माग तुळशीला वळसा घालून एका ओसरीवर चढला.

लोकेशचा चेहरा पांढराफटक पडला. ओसरी त्यांचीच होती.

आत मनकर्णाआजी भिंतीला टेकून पाय लांब करून पुडे बांधत बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही टाचा दाराकडे होत्या आणि उन्हात त्या नव्या स्टीलच्या वाट्यांसारख्या चकाकत होत्या!

पोरं गोठ्यामागे जाऊन बसली.

"सांगाचं कोनी?" चैतूनं विचारलं.

सगळ्यांनी लोकेशकडे पाहिलं.

"तोंडावर सांगतलं त माहं जेवण बंद," लोकेश म्हणाला. "आधी पिचकारी त हातात येऊ द्या. उरली असन का काई?"

मोनालीचे डोळे चमकले. तिनं चुलीतला कोळसा घेतला, टाचेवर दोन काळ्या रेघा ओढल्या आणि लंगडत लंगडत ओसरीवर गेली.

"आजी वो! माही टाच फुटली! लय दुखून राह्यली!"

"शहरातल्या पोरींच्या टाचा काऊन फुटतीन? जमिनीले पाय कधी लागतेत का तुमचे?" आजी म्हणाल्या. पण औषधाचा विषय निघाला की आजींचा ऊर भरून यायचा. "थांब. माह्यापाशी असलं भारी औषध हाय, की गावात कोनापाशी नसन. आशाताईनं खास माह्यासाठी खिडकीत ठेवलं होतं. महिनाभर मागत होती मी."

त्यांनी कोनाड्यातून पिचकारी काढली. जवळजवळ अर्धी भरलेली!

"लावते मी," मोनाली म्हणाली. "तुमचे हात पानांनी भरले हायत. घेऊन जाऊ का?"

"ने. पण एका दाण्याएवढंच लाव. धुतलं तरी जात नाई ते, इतकं चांगलं हाय!"

मोनाली लंगडत निघाली. गोठ्यामागे पोचेपर्यंत ती कुठल्या पायानं लंगडायचं तेच विसरली होती!

पण वाचनालयाला तोवर कुलूप लागलं होतं. गुणवंतरावांनी येऊन ते लावलं होतं, आता रविवारीच उघडायचं म्हणून. सोमारीनं पिचकारी ओढणीच्या पदरात बांधली.

रविवारी वाचनालय गच्च भरलं. बाया पुडे बांधत बसल्या होत्या, शेजारच्या गावचे लोक पुढे बसले होते. लग्नाचं जेवण पचवून धनराजभाऊही आले होते. गुणवंतरावांनी बटण दाबलं. नकाशा आला. "वा!" झालं. आणि लोक पहिला नाला शोधत होते, तोच फट्!

"मी सांगतलंच होतं," धनराजभाऊ उभे राहिले. "लेकरं गेम टाकतेत. कॉम्प्युटर लेकरांच्या हाती द्याचाच कायले?"

गुणवंतरावांनी खाली मान घालून कपाटाकडे पाहिलं. चैतू आईच्या मागे दडला.

"जोहार!" सोमारी उठली. "मले एक दाखवाचं हाय. धनराजभाऊ, वायर काढा अन् पंख्याखालच्या ठोकळ्याले हात लावून सांगा. गरम हाय का गार?"

धनराजभाऊंनी वायर काढली, हात लावला. मग पुन्हा एकदा लावला.

"बोला ना, गा," बुधूआजोबा म्हणाले.

"...गार हाय."

"पडद्यावर येते, मेंदू तापला म्हणून. मंग वरचा ठोकळा गार कसा? मेंदूची गरमी वर नेणारा लेप मधात हायच नाई! तुम्ही जुना घासून काढला अन् नवा लावलाच नाई. टाकीवरून लोकेशनं विचारलं, तवा तुम्हीच सांगतलं."

सगळी सभा धनराजभाऊंकडे वळली. ते कपाळ पुसायला लागले.

"चुकलं बापा माहं," ते शेवटी म्हणाले. "पिचकारी सापडली नाई, अन् मले घाई होती. लेकरांचं नाव घ्यायले नाई पाहिजे होतं."

"मंग आता लावा." सोमारीनं पदराची गाठ सोडून पिचकारी पुढे केली.

"ही कुठी सापडली?"

सोमारी घुटमळली. मोनाली छताकडे पाहायला लागली.

"चुकून... दुसऱ्या कामाले गेली होती," सोमारी म्हणाली. "कोनाचा दोष नाई."

मनकर्णाआजी पिचकारीकडे पाहत होत्या. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्या उठल्या. उठल्या, म्हणजे वाचनालयातली कुजबुजसुद्धा बसली.

"कोनाचा दोष नाई कसा?" त्या कडाडल्या. "ह्या पाहा!" आणि त्यांनी लुगडं वितभर वर धरून दोन्ही टाचा सभेला दाखवल्या. "कॉम्प्युटरचं औषध मी खाल्लं! मी म्हणजे ह्या पायांनी! इंग्रजीत लिवलं होतं, मले वाचता येत नाई, अन् कोनाले विचारलं असतं त माही शान गेली असती. अन् दोष दिला त्या लेकराले. घ्या, हासा!"

आधी कुणाची हिंमत होईना. मग बुधूआजोबाच खो खो हसले आणि सगळी सभा फुटली. आजी स्वतःही हसल्या, पण ओठ दाबून.

धनराजभाऊंनी ठोकळा काढला, दाण्याएवढा लेप लावला आणि ठोकळा नीट दाबून बसवला. या वेळी चहा प्यायला गेले नाहीत.

"चैत्या, इकडं ये," आजी म्हणाल्या.

चैतू बगलेत हात घालून आला. आजींनी त्याचा उजवा हात मनगटाला धरून बाहेर ओढला, पदरानं पुसला आणि बटणावर ठेवला.

"दाब. तुह्याच हातानं चालू झाला पाहिजे."

चैतूनं दाबलं. नकाशा उघडला. सोमारीच्या आईचा एक पुडा झाला, दुसरा झाला, ढीग झाला. बुधूआजोबांनी एकेक नाला, एकेक टेकडी नावानं सांगितली, शेजारच्या गावचे लोक माना डोलवत राहिले, आणि कॉम्प्युटर विमानासारखा उडतच राहिला! ठोकळ्यावरून पंख्याचा वारा आता कोमट येत होता.

"आमच्या गावचाही असाच करून द्यान का, पोरांनो?" एका पाहुण्यानं विचारलं.

"देतीन की!" गुणवंतराव आज मोठ्यानं बोलले. "आमची लेकरं हायत ती! बुधूदादा, तुमच्या नातीनं माग लय बरोबर काढला."

"जंगलातला माग मी शिकवला होता," बुधूआजोबा म्हणाले. "अध्यक्षाच्या घरात जानारा तिचा तिनंच काढला."

सभा संपल्यावर मनकर्णाआजींनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि सोमारीच्या हातात ठेवली.

"वाचनालयाची हाय. सकाळी तूच उघडत जा. अन् दुपारी मले अक्षरं शिकवाले बसाचं, म्हणजे पिचकारीवर काय लिवलं ते मले कोनाले विचाराले लागनार नाई. पण दार लावून बसाचं, समजलं का?"

"समजलं, आजी."

आजी ठसक्यात दाराकडे निघाल्या. दोनदा घासूनही टाचा चकाकत होत्या. चैतूनं तोंडावर हात दाबला. दोन्ही हात!

"हासू नोको, बुटक्या," मागे न पाहताच आजी म्हणाल्या. "भेगा मात्र भरल्या!"